उष्टावणाचा मामा

इंदिराबाई नर्स जळगावात नव्या आल्या तेव्हा आयांना उपदेश करीत. वर्षभरात त्यांनी ती सवय सोडली. आई मान डोलावते, पोर कडेवर घेऊन घरी जाते, आणि घरी सासू असते. उपदेश उंबऱ्याबाहेर चपलांपाशीच राहतो. म्हणून हल्ली आईला सांगायचं ते त्या सासूला सांगत, आणि तेही असं, की सासूला ते स्वतःचंच म्हणणं वाटावं.

"अक्का, तुम्ही म्हणता ते खरं. दुधाच्या बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बाटलीचं बूड काही धुतलं जात नाही."

अक्का असं काही बोललेली नसे. पण शिकलेली बाई आपलं म्हणणं खरं मानतेय म्हटल्यावर ती ते बिनबोभाट आपल्या नावावर घेई, आणि दुसऱ्या दिवशी बाटली माळ्यावर जाई. अशा रीतीने इंदिराबाईंनी अर्ध्या गावातल्या अफूच्या बाळगोळ्या बंद केल्या होत्या, पाणी उकळायला लावलं होतं, आणि दुधाच्या भांड्यांवर झाकणं आणली होती.

ही युक्ती सायरबाईंपुढे मात्र चालली नाही.

सायरबाईंचं घर दाणाबाजाराच्या मागे. मारवाडातून येऊन त्यांच्या सासऱ्यांनी धान्याचं दुकान थाटलं, ते आता मुलगा रतनलाल चालवी. दुकानात त्याचा शब्द चाले, घरात आईचा. सून जतनबाई धुळ्याची, बोलायला इतकी कमी, की शेजाऱ्यांना तिचा आवाज ओळखू आला नसता. तिचा मुलगा लखीचंद ऊर्फ लखू. इंदिराबाई दर महिन्याला घरोघर जाऊन पोरांचं वजन करीत, त्यात लखू त्यांना चांगलाच ठाऊक होता. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत वाढलेलं पोर. त्यानंतर काटा हलेना. दोन फेऱ्या झाल्या तरी तो होता तिथेच राहिला, आणि दंडावरच्या वळ्या मात्र उतरत चालल्या.

"अक्का, तुम्ही म्हणता ते खरं," इंदिराबाईंनी सुरुवात केली. "पोराला आता नुसत्या दुधावर ठेवून भागायचं नाही."

"मी कधी म्हटलं?" सायरबाई म्हणाल्या.

इंदिराबाईंना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही म्हणाला नाहीत, पण तुमच्या मनात असेल."

"माझ्या मनातलं मला विचारा ना, नर्सबाई. उष्टावण झाल्याशिवाय याच्या तोंडात दुधाखेरीज काही जायचं नाही, हे आहे माझ्या मनात. आणि उष्टावण मामाच्या हातचं. चांदीच्या वाटीतली खीर, मामाच्या मांडीवर. आमच्याकडे असंच असतं."

"मग मामाला बोलवा."

यावर जतनबाईने पदर आणखी पुढे ओढला, आणि सायरबाई लखूचं झबलं सारखं करू लागल्या. ते आधीच सारखं होतं.

मामा होता. धुळ्याला, रुपचंद नावाचा, सरकीच्या धंद्यातला, धडधाकट. पण लग्नात वरातीच्या जेवणाला डाळ-बाटी होती, आणि सायरबाईंनी एक बाटी ताटावर आपटून सगळ्यांदेखत विचारलं होतं, की या धुळ्याच्या बाट्या खायच्या असतात की यांनी सरकी फोडायची असते. सगळा मांडव हसला. रुपचंद हसला नाही. त्याने स्वतः रात्रभर गोवऱ्यांच्या आरापुढे बसून त्या भाजवून घेतल्या होत्या. "सायरबाई ते शब्द मागे घेतील त्या दिवशी मी जळगावात पाय ठेवीन," असं तो म्हणाला, आणि सायरबाई म्हणाल्या, "माझ्या दाताला जे कळलं ते माझ्या तोंडाने सांगितलं. त्यात मागे काय घ्यायचं?"

याला दोन वर्षं होत आली होती. दोघंही शब्दाचे पक्के, आणि दोघांच्या मध्ये लखू उपाशी.

त्याला चोरून भरवावं, हा विचार इंदिराबाईंच्या मनात आला नाही असं नाही. जतनबाईने तर दवाखान्याच्या खोलीत पोर आणून तसं सुचवलंही होतं, म्हणजे नुसतं वाटी-चमच्याकडे पाहिलं होतं. पण चोरून भरवलेलं एक दिवस पुरतं. पोराला रोज खायला हवं, त्याच्याच घरात, त्याच्याच आजीच्या डोळ्यांदेखत. शिवाय चोरून खाल्ल्यावर त्याला साधी सर्दी झाली असती तरी तिचं खापर त्या घासावर फुटलं असतं, आणि मग गल्लीतल्या एकाही पोराच्या तोंडात दात येईपर्यंत दुधाखेरीज काही गेलं नसतं. दिवाळी तोंडावर होती. पुढे थंडी. अशक्त पोराला थंडीतला पहिला खोकला कसा नेतो, ते इंदिराबाईंनी पाहिलं होतं. ते दुसऱ्यांदा पाहायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून त्या पुढच्या खेपेला केळी घेऊन गेल्या.

"केळं काही अन्न नाही, अक्का. उपासाला चालतं ते अन्न कसं म्हणायचं? चांगलं पिकलेलं घ्यायचं, काट्याचमच्याने नाही, बोटाने कुस्करायचं, की झालं."

सायरबाईंनी केळं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "उपास कुणाचा आहे? लखूचा?"

"नाही."

"मग त्याला ते अन्नच. आणि केळ्याने सर्दी होते." मग त्यांनी ते केळं सोलून स्वतः खाल्लं. "गोड आहे," असंही म्हणाल्या.

त्यानंतर इंदिराबाईंनी कौतिकला गाठलं. कौतिक टांगेवाला. लांबच्या वस्तीत जायचं तर त्या त्याच्याच टांग्यात बसत. तो मूळचा धुळ्याकडचा, आणि आईच्या माहेरचा माणूस म्हणजे पोराचा मामा, हे तर खानदेशात कुणीही मानतं. कौतिकने धोतर धुवून घेतलं, लाल पागोटं बांधलं आणि सायरबाईंच्या ओट्यावर येऊन बसला.

"हा कोण?" सायरबाईंनी विचारलं.

"लखूचा गावमामा," इंदिराबाई म्हणाल्या.

"मी धुळानाच शे, अक्का," कौतिक म्हणाला. "धुळानी पोर आठे दिधी, मंग मी तिना भाऊच ना?"

"धुळ्यात कुठे राहतोस?"

"देवपूरमा."

"म्हणजे पांझरेच्या पलीकडे."

"नदीवर पूल शे ना, अक्का."

"पुलावरून गाड्या येतात. नाती येत नाहीत. जतनचं माहेर नदीच्या अलीकडे आहे." सायरबाईंनी त्याला चहा दिला, वर शेव दिली, आणि बोळवण केली. परत जाताना कौतिक बराच वेळ घोड्याशी बोलत होता. मग मागे वळून म्हणाला, "बाई, म्हतारी बेस शे. पन तिले हरावनं कठीन शे."

दिवाळी आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी इंदिराबाई फराळाच्या निमित्ताने सायरबाईंकडे गेल्या. खरं निमित्त लखूच होता. रुपचंद आला नव्हता. जतनबाई नवं लुगडं नेसून दुपारपासून तयार ताटाशी बसली होती आणि आता ते ताट आत न्यावं की नको, अशी उभी होती. सायरबाई मात्र आपलं ताट घेऊन धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, चढल्या. त्यांना भाऊ नव्हता. मारवाडातून नवरी म्हणून आल्या त्या पहिल्याच दिवाळीत शेजारच्या पाटलीणबाईंनी त्यांना इथली रीत शिकवली होती: जिला भाऊ नाही तिने बीजेच्या चंद्राला ओवाळावं. तेव्हापासून त्यांनी एकही बीज चुकवली नव्हती.

मावळतीला कोर दिसत होती. सायरबाईंनी तिला निरांजन ओवाळलं, अक्षता उडवल्या. मागोमाग जतनबाईही ताट घेऊन वर आली आणि तिने ते चंद्राकडे उचललं.

सायरबाईंनी तिचा हात धरला. "अगं, भाऊ जिवंत आहे तुझा. तो असताना चंद्राला ओवाळलंस तर लोक काय म्हणतील?"

"असून काय उपयोग?" जतनबाई म्हणाली. इंदिराबाईंनी तिचा आवाज नीट असा आज पहिल्यांदा ऐकला, आणि तो चांगला खणखणीत होता. तिने दुसऱ्या हाताने ताट पेललं आणि ओवाळून मोकळी झाली.

इंदिराबाई धाब्याच्या कडेला बसून अनारसा खात होत्या. खाता खाता त्यांचं तोंड थांबलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "म्हणजे आता चंद्र जतनबाईंचा भाऊ झाला."

"झाला असेल."

"मग लखूचा तो मामा."

सायरबाईंनी निरांजन खाली ठेवलं. नर्सबाई कुठल्या वाटेने चालल्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना त्याचा आनंदच झाल्यासारखा दिसला. त्या पदर खोचून समोर बसल्या.

"नर्सबाई, चंद्र माझा भाऊ. इतक्या वर्षांचा. बरोबर?"

"बरोबर."

"तो हिचाही भाऊ झाला, तर ही माझी बहीण झाली. मग माझ्या रतनने आपल्या मावशीशी लग्न केलं की काय?"

खाली ओसरीवर रतनलालला ठसका लागला. त्याला वरचं सगळं ऐकू येत होतं.

"अक्का," इंदिराबाई म्हणाल्या, "गावातल्या निम्म्या बायका चंद्राला ओवाळतात. असं नातं मोजायचं तर जळगावात एकही लग्न टिकायचं नाही. आणि तुमचा भाऊ स्वतः सत्तावीस सख्ख्या बहिणींचा नवरा आहे. त्याच्या घरात कोण कुणाचं कोण, हे आपण न विचारलेलं बरं."

सायरबाई हसल्या. हसताना त्यांचे दात दिसत. या वयातही सगळे शाबूत होते. "बरं, मामा म्हणा. पण आम्ही जैन. आमच्यातलं सूर्य मावळल्यावर कुणी पाणीही पीत नाही. चंद्र येणार रात्री. रात्री माझा नातू खाणार नाही. मग मामा भरवणार कधी?"

शेजारच्या धाब्यावरच्या बायकाही आता कठड्याशी येऊन ऐकत होत्या.

"आणि तो दिवसा आला तर?"

"दिवसा आला तर खुशाल भरवू दे. मी आडवी येणार नाही."

"शब्द?"

"चांदीची वाटी मी स्वतः घासून ठेवते."

चंद्र दिवसा दिसतो हे कुणाला माहीत नसतं असं नाही. महिन्यातले कितीतरी दिवस तो उन्हात वर असतो. पण उन्हात वर बघायची कुणाला गरज पडत नाही, आणि बघितलं तरी तो ध्यानात राहत नाही. इंदिराबाईंनी घरी जाऊन पंचांग काढलं. चंद्र रोज सूर्याच्या थोडा मागे पडत जातो. बीजेचा सूर्याच्या पाठोपाठ मावळणारा चंद्र अष्टमीला अर्धा होतो, दुपारी उगवतो आणि दिवस मावळताना माथ्याशी असतो. आभाळ निरभ्र राहिलं म्हणजे झालं, आणि दिवाळीनंतरचं खानदेशातलं आभाळ निरभ्र नसायला काही कारण नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला: मामा अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास येत आहेत.

अष्टमीला दाणाबाजारामागच्या सगळ्या धाब्यांवर माणसं होती. सायरबाईंनी शब्द पाळला होता. वाटी घासून अशी चकचकीत केली होती, की लखूचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. जतनबाईने खीर केली होती, तांदूळ चांगले शिजवून, रवीने घोटून, एकही कणी राहू न देता. ती सूचना इंदिराबाईंची. आग्नेयेला, कापसाच्या जिनच्या धुराड्याच्या बरंच वर, अर्धा पांढुरका चंद्र होता.

सायरबाईंनी कपाळावर आडवा हात धरून तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हा असा का दिसतो? आजारी आहे का?"

"ऊन आहे म्हणून फिका दिसतो. आहे तोच."

"आणि याला हात कुठे आहेत? भरवणार कशाने?"

"भाऊबीजेला तुम्ही याला ओवाळता, तेव्हा कपाळ कुठे आहे विचारता का?"

शेजारच्या धाब्यावर कुणीतरी खुदकन हसलं. सायरबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या, पण न्यायाने चालणाऱ्या होत्या. त्यांनी लखूला मांडीवर घेतलं, चंद्राकडे तोंड करून बसल्या, आणि चमचा उचलला. "मी त्याची थोरली बहीण. त्याच्या वतीने माझा हात."

तेवढ्यात खाली टांगा थांबला आणि कुणीतरी दणदण जिना चढत वर आलं. धुळीने पांढरा झालेला, पगडी तिरकी, धापा टाकणारा एक माणूस धाब्यावर उभा राहिला. त्याच्या मागून कौतिकचं लाल पागोटं वर आलं.

"मी जिवंत आहे," तो माणूस म्हणाला.

"हा कोण?" शेजारच्या धाब्यावरून कुणीतरी विचारलं.

"मी जिवंत आहे," रुपचंद पुन्हा म्हणाला. "सगळं धुळं मला विचारतंय. जतनने चंद्राला ओवाळलं, मग तुला झालंय काय? दुकानात एकजण तर सांत्वनाला येऊन बसला."

इंदिराबाईंनी कौतिककडे पाहिलं. भाऊबीजेला जमलं नाही म्हणून कौतिक दुसऱ्या दिवशी आपल्या बहिणीकडे धुळ्याला गेला होता, ते त्यांना माहीत होतं.

"मी काय करू, बाई?" कौतिक हळूच म्हणाला. "जतनबाईनी निरोप दिधा, तो मी पोहचाडा. 'भाऊ, तू सावकाश ये, माले दुसरा भाऊ भेटना.' बस. इतलंच सांगं. बठ्ठा बजारमा सांगं."

जतनबाई खाली मान घालून खिरीवरची साय बाजूला करत होती. तिच्यासारखी गरीब गाय साऱ्या पेठेत नाही, असं इंदिराबाई दोन वर्षं समजत आल्या होत्या.

"या, रुपचंदजी, बसा," सायरबाई म्हणाल्या. चमचा त्यांच्या हातातच होता. "पाणी घ्या. मामा आधीच आले आहेत. तुम्ही पाहुणे."

"कोण मामा? ते आभाळातलं?"

"ते बोलावल्यावर येतात. रुसून बसत नाहीत."

"मी रुसलो नव्हतो. तुम्ही नाव ठेवलंत."

"बाट्यांना ठेवलं. तुम्हाला कुठे ठेवलं? तुम्ही बाटी आहात का?"

रुपचंद सरळ सायरबाईंसमोर मांडी घालून बसला आणि त्याने चांदीची वाटी उचलली. "भाचा माझा आहे. पहिला घास माझा."

"चमचा माझ्याकडे आहे."

"वाटी माझ्याकडे आहे."

"चमच्यावाचून वाटी काय कामाची?"

"वाटीवाचून चमचा काय कामाचा?"

रतनलाल जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. आईकडे पाहावं की मेव्हण्याकडे, हे न ठरल्यामुळे तो चंद्राकडे पाहू लागला. ऊन कठड्यावरून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. इंदिराबाई ते बघत होत्या. सूर्य गेला की आजचा दिवस गेला, आणि उद्या ही दोघं नव्या दमाने भांडतील. त्या बोलायला पुढे झाल्या.

त्यांना बोलावं लागलं नाही. लखू इतका वेळ ती वाटी बघत होता. ती आता त्याच्या अगदी पुढ्यात होती. त्याने आजीच्या मांडीवरून पुढे झेप घेतली, मनगटापर्यंत हात खिरीत घातला, आणि ती मूठ तोंडात कोंबली.

लखूने मूठ चोखली. भुवया उंचावल्या. जिभेने जरा खीर बाहेर ढकलली, पुन्हा आत घेतली, गिळली, आणि हात परत वाटीत घातला.

"वाटी माझ्या हातात होती," रुपचंद म्हणाला. "म्हणजे मी भरवलं."

"मांडी माझी होती, आणि मी चंद्राच्या वतीने बसले होते," सायरबाई म्हणाल्या. "त्याने भरवलं." त्या इंदिराबाईंकडे वळल्या. "नर्सबाई, तुम्ही इथेच होता. खरं सांगा. पहिला घास कुणाचा?"

सगळ्या धाब्यांवरची माणसं नर्सबाईंच्या तोंडाकडे बघू लागली. इंदिराबाईंनी सगळं नीट पाहिलं होतं. पोराची भूक, त्याची झेप, मुठीचा नेम, गिळणं. असं धडधडीत निरोगी गिळणं त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मी तेव्हा वर चंद्राकडे बघत होते, अक्का," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पोराचे हात धुवायला उकळून गार केलेलं पाणी मागितलं, आणि एकंदर चार चमचे झाल्यावर वाटी उचलायला लावली. सूर्य मावळला तेव्हा लखू झोपला होता, आणि खाली स्वयंपाकघर बंद होण्याआधी मामाला काय वाढलं गेलं यावर नवा वाद चालला होता.

मामला संपला असं समजून इंदिराबाई पंधरा दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. गेल्या तेव्हा रुपचंद अजून तिथेच होता. सरकीचा धंदा त्याने जळगावातूनच चालवायला घेतला होता. लखूचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. काटा हलला होता, आनंद व्हावा इतका, आणि जरा काळजीही वाटावी इतका. चौकशी केली तेव्हा कळलं, की सकाळी मामा मुगाचं वरण आणि भात भरवतो. आजीला वाटतं, मामाचा घास जास्त झाला. म्हणून ती केळं भरवते. मामाच्या लक्षात येतं. तो शिरा आणतो. आजी म्हणते, शिरा कोरडा होता, पोराचा घसा सुकला, आणि खीर घेते.

"केळ्याने सर्दी होते ना, अक्का?" इंदिराबाईंनी विचारलं.

"माझ्या हातच्या होत नाही," सायरबाई म्हणाल्या.

इंदिराबाईंनी दोघांना समोर बसवलं. पोराचं पोट त्याच्या मुठीएवढंच असतं, हे त्यांनी लखूची मूठ धरून दाखवलं. तोंड फिरवलं म्हणजे पुरे झालं, त्यापुढे एक घासही नाही. शिरा बंद. तूप नखाएवढं. "सकाळचं जेवण मामाचं. दुपारचं आजीचं. एकाने दुसऱ्याच्या वेळेत वाटीला हात लावायचा नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटणी बरोबरीची होती. तक्रारीला जागा सापडत नव्हती.

"आणि संध्याकाळचं?" सायरबाईंनी विचारलं.

"हो, संध्याकाळचं कुणाचं?" रुपचंद पुढे सरकला.

"संध्याकाळी आईचं दूध," इंदिराबाई म्हणाल्या. "ते तुम्हा दोघांनाही जमायचं नाही."

जतनबाईने लखूला उचलून कडेवर घेतलं आणि ती आत गेली. आतून तिचं हसू ओट्यावर बसलेल्या कौतिकपर्यंत ऐकू आलं.